फॉर्मवरचा माझा नंबर

वसमतला आमच्या गल्लीत कुणाचंही लेकरू दहावी झालं की त्याचे कागद आधी माझ्याकडे यायचे. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. प्रवेश, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, कुठल्या कामाला कोणते कागद लागतात आणि कोणता कागद आधी काढायचा, हे मला पाठ आहे. पाठ असूनही मी लिहून ठेवते. त्यासाठी एक लांब रजिस्टर केलं होतं. एका पानावर एक घर. वर मुलाची इयत्ता, खाली कागदांची यादी. आलेल्या कागदापुढे खूण, न आलेल्यापुढे तारीख. ऑफिसातून आले, हातपाय धुतले, चहा घेतला की सहा ते साडेसात हे काम. पैसे कधी घेतले नाहीत. त्याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हते.

या कामात एकच कटकट होती. प्रत्येक फॉर्मला मोबाइल नंबर लागतो. लॉगिन करायचं तर त्या नंबरवर ओटीपी येतो, निकाल लागला की त्याच नंबरवर मेसेज येतो. आमच्या गल्लीत नंबर टिकत नव्हते. रिचार्ज संपलं की सिम बंद, नवं सिम फुकट मिळालं की जुनं कचऱ्यात. फोन बापाजवळ आणि बाप ट्रकवर. दोन मुलांच्या शिष्यवृत्त्या अशा अडकल्या तेव्हा मीच तोडगा काढला. फॉर्मवर नंबर माझा टाकायचा. मेसेज मला येईल, मी रजिस्टरमध्ये लिहीन आणि ज्याचं त्याला कळवीन. सगळ्यांना पटलं. चार-पाच वर्षांत तीसेक घरांचे मेसेज माझ्या फोनवर यायला लागले. कुणाच्या लेकराचं कुठे काय झालं, हे त्याच्या आईबापाच्या आधी मला कळायचं.

फॉर्म भरताना घरातलं सगळंच समोर येतं. उत्पन्न किती, जमीन आहे का, कर्ज कशाचं. आणि माहिती झाली की माझं मत तयार व्हायचं. रजिस्टरच्या पानावर शेवटी मी एक रकाना आखला होता, ‘सल्ला’ म्हणून. विचारलेला आणि न विचारलेला, दोन्ही त्यात. एका मुलाने बारावीनंतर शिक्षण सोडून वारंगा फाट्यावर अंडाभुर्जीची गाडी टाकली, तेव्हा त्याच्या पानावर मी फक्त ‘वाया’ एवढंच लिहिलं. ऑफिसात चहाच्या वेळी मी असले किस्से सांगायची. गावाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही, पण किस्सा पूर्ण. आमचे एक सहकारी हात जोडून म्हणायचे, “मॅडम, आमच्या घरचा निकाल कधी लावताय? धाकधूक होऊन राहिली.” सगळे हसायचे, मीही हसायची.

माझ्या स्वतःच्या मुलासाठी आम्ही बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं होतं. तो पुण्यात इंजिनिअर झाला, मग त्याने नोकरी धरली नाही, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. त्याला आता किती वर्षं झाली ते मी इथे लिहीत नाही. त्याचं पान माझ्या रजिस्टरमध्ये कधी नव्हतं.

आमच्या घरामागच्या बोळात एक बाई राहायची, अजूनही राहते. मोंढ्याच्या बाजारात एका आडतीवर हळद निवडायला जाते. लांब कांडी वेगळी, गोल गट्टू वेगळा, काळपट पडलेलं वेगळं, असं दिवसभर. तिची बोटं बाराही महिने पिवळी. तिने आणलेल्या झेरॉक्सवर कुठेतरी पिवळा अंगठा उमटलेला असायचाच आणि मी तिला बोलायची. “अगं, हात धुऊन येत जा की. सरकारी कागद आहे.” ती म्हणायची, “धुतले की मॅडम. जातच न्हाई तर काय करू, चामडं सोलू का?” मी तिला अगं-तुगं करायची, ती मला अहो-जाहो. वयाने आम्ही सारख्याच आहोत, दोन-चार महिने तीच मोठी असेल.

तिला दोन मुली. नवरा दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर. तिच्या पानावरचा माझा सल्ल्याचा रकाना भरून पुढच्या पानावर गेला होता. कारण तिने बायकांच्या गटातून कर्ज काढून घरावरचे पत्रे बदलले होते, ते फिटायच्या आधी हप्त्यावर फ्रिज घेतला होता. दहा बायांचा गट, दर मंगळवारी सकाळी वसुलीवाला येणार, एकीने नाही दिलं तर बाकीच्यांनी भरायचं. “दिवसभर कुलूप असलेल्या घरात फ्रिज कशाला?” असं मी चार जणींपुढे बोलले होते. तिच्यापुढे नाही.

तिची मोठी मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि तिने ठरवलं की नर्स व्हायचं. साधा कोर्स नाही, चार वर्षांची पदवी. त्याची प्रवेश परीक्षाही दिली. मार्क बरे पडले. फॉर्म मीच भरला. कॉलेजांची पसंती भरताना मी म्हटलं, “नांदेडचं एकच सरकारी टाकू. नाही लागलं तर इथे आपल्या कॉलेजात बी.ए. कर, सोबत टायपिंग.” मुलगी हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, सगळेच टाका ना. खाजगी पण.” मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “टाका. लेकरू म्हणून राहिलं तर टाका.” मी टाकले. लातूरचं एक खाजगी कॉलेज सातव्या नंबरवर होतं.

पहिल्या फेरीत काही लागलं नाही. दुसऱ्या फेरीचा मेसेज एका मंगळवारी दुपारी माझ्या फोनवर आला. लातूरची जागा लागली होती. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मूळ कागदांसह हजर व्हायचं होतं. मी ऑफिसातच लॉगिन केलं, जागावाटपाचं पत्र उघडलं, त्याची प्रिंट काढली आणि तिच्या फाइलला लावली. कुठलाही कागद आला की पहिलं काम प्रिंट काढणं, ही माझी सवय.

मग मी एक कोरा कागद घेतला आणि मध्ये रेघ मारली. एका बाजूला ‘गेली तर’, दुसऱ्या बाजूला ‘राहिली तर’. गेली तर: डिपॉझिट, हॉस्टेल, मेस, गणवेश, पुस्तकं, येणं-जाणं. शिष्यवृत्तीतून फी परत येईल, पण कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. आधीचा फ्रिजचा हप्ता चालू. म्हणजे गटाचं दुसरं कर्ज. दुसऱ्या वर्षी पैसे थकले की कॉलेज कागद अडवून धरणार. असे कागद अडकलेली मुलं मी आमच्या खिडकीवर पाहिली होती, मला ते काल्पनिक नव्हतं. राहिली तर: खर्च जवळजवळ नाही, घरी मदत, पोलीस भरतीचा मार्ग मोकळा. एकूण अकरा मुद्दे झाले. मुलीला काय वाटतं, हा त्यात नव्हता. तो माझ्याकडून सुटला नव्हता. मला तो मुद्दाच वाटला नव्हता.

मंगळवारी मी सांगितलं नाही. बुधवारी सकाळी सांगू म्हटलं. हे खरं आहे, मी त्या वेळी ‘सांगायचंच नाही’ असं काही ठरवलं नव्हतं. नीट समजावून सांगायचं, कागद समोर ठेवून, असं मनात होतं. बुधवारी संध्याकाळी ती आडतीवरून परस्पर आली. पदराला हळद, पिशवीत वांगी. दारातूनच विचारलं, “मॅडम, आलं का वो काई?”

मी भाजी चिरत होते. मान वर न करता म्हटलं, “नाही अजून.”

“बराबर बघितलं न्हवं?”

“आलं की सांगते ना. मी कधी सांगितलं नाही असं झालंय का?”

“तसं न्हाई वो. पोरगी पाणी बी गोड लागू देईना, म्हनून इचारलं.” आणि गेली.

आमच्या ह्यांनी ते ऐकलं होतं. मंगळवारी मीच त्यांना सांगितलं होतं की मुलीला लातूर लागलं. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, “अगं, लागलंय म्हणालीस ना?”

“लागलंय. पण ती बाई काय करेल माहितीये? उद्या सकाळी गटातून कर्ज उचलेल.”

“उचलू दे. त्यांचं ते बघतील.”

“बघायची अक्कल असती तर फ्रिज घेतला असता का?”

त्यांनी पेपर पुन्हा उचलला. आमच्याकडे कागदपत्रांचं खातं माझ्याकडे, त्यात ते बोलत नाहीत.

गुरुवार गेला. शुक्रवारी मी ऑफिसात होते. खिडकीवर रांग होती, मी नेहमीसारखं काम केलं, दोघातिघांचे चुकलेले फॉर्म सुधारूनही दिले. पाच वाजता घड्याळाकडे पाहिलं. त्यानंतर मला हलकं वाटलं, हेही लिहायला हवं. एक काम निस्तरल्यावर वाटतं तसं.

शनिवारी मी स्वतः त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, “माझ्याकडून मोठी चूक झाली. मेसेज येऊन गेला होता. ऑफिसात प्रवेशाची इतकी गर्दी, माझ्या लक्षातच आलं नाही. काल तारीख संपली.”

मुलगी चुलीपाशी उभी होती. तिने एकच विचारलं, “कोणत्या दिवशी आला होता मॅडम?”

“बघावं लागेल,” मी म्हटलं.

ती आत गेली. पुढची फेरी होती, पण त्यात तिच्या मार्कांना काही लागलं नाही. त्या शनिवारी आई थोडा वेळ उंबऱ्यावर बसून राहिली. मग मलाच म्हणाली, “जाऊ द्या मॅडम. तुमच्या मागं किती लोकाचं हाय. मानूस हाय, इसरतंय. चा टाकू का?”

मी विसरते, असं आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं. मी तो चहा घेतला. कुणाच्या घरी फॉर्मच्या कामासाठी गेले की चहा घ्यायचा नाही असा माझा नियम होता, तो त्या दिवशी मोडला.

महिनाभराने मुलीने आमच्याच कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. मूळ कागद लागणार म्हणून मी तिची फाइल परत केली. परत करताना नेहमीप्रमाणे वरच्या पानावर अनुक्रमणिका लावून दिली, एक ते नऊ. खिडकीतून तिने फाइल घेतली, “थँक्यू मॅडम” म्हणाली. तीन वर्षं ती त्या खिडकीवर येत राहिली. बोनाफाइड, परीक्षा फॉर्म, गुणपत्रक. शेवटची गुणपत्रिका मीच तिच्या हातात दिली. पोलीस भरतीचा फॉर्म भरू का विचारलं तर म्हणाली, “उंची बसत नाही मॅडम.” माझ्या अकरा मुद्द्यांत उंची नव्हती.

त्या तीन वर्षांत तिची आई दर उन्हाळ्यात मला हळद आणून द्यायची. पूर्वीपासूनच द्यायची. नवा माल निघाला की आडतीवरून हळकुंडं घेऊन, गिरणीतून दळून, स्टीलच्या डब्यात भरून. डबा रिकामा करून मी परत द्यायची, त्यात मूठभर साखर घालून. ती हळद वर्षभर आमच्या वरणात असायची. मी मनाची समजूत घातली होती की ज्या अर्थी हळद येते आहे त्या अर्थी सगळं ठीक आहे. विसरणं माफ झालं होतं. मी त्याच माफीवर दिवस काढत होते.

गेल्या वर्षी ह्यांना चार दिवस ताप उतरेना म्हणून गावातल्या एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेले. केसपेपरच्या काउंटरवर ती मुलगी बसलेली. निळा ॲप्रन, समोर रजिस्टर. मला पाहून उभी राहिली, “सरांना काय झालं?” म्हणाली, आत नेऊन बसवलं. पलीकडे सलाइनच्या खोलीतून पांढऱ्या कपड्यातली एक सिस्टर, तिच्याच वयाची, तिला हाक मारून सांगत होती, “ए, आधी तीन नंबरची फाइल आण.” ती पळत फाइल देऊन आली.

मी काउंटरसमोरच्या बाकावर बसले होते. आमच्यामागून कळमनुरीकडची एक म्हातारी आली, सोबत कुणी नव्हतं. मुलीने नाव, गाव, वय विचारलं. मग मोबाइल नंबर.

“मला कुठला आलाय मोबाइल बाई. शेजारच्या पोराचा लिव्ह, त्यो सांगतंय मला समदं.”

“आजी, दुसऱ्याचा नंबर चालणार नाही.”

“काहून? चांगलं पोरगं हाय त्ये.”

“चांगलं असू दे. तुमच्या रिपोर्टचा मेसेज तुमच्याच घरी गेला पाहिजे. मुलाचा नाही तर सुनेचा द्या. नसंल तर मी इथंच लिहून ठेवते, परवा तुम्ही स्वतः येऊन विचारा. पण दुसऱ्याचा मी लिहिणार नाही.”

ती हे माझ्याकडे बघून बोलली नाही. तिचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. तिची रोजची पद्धत होती ती, तोंडात बसलेली. म्हातारी पुटपुटत पिशवीतून एक चुरगळलेली चिठ्ठी शोधायला लागली. मला कळलं की हिला माहीत आहे.

ह्यांचा ताप उतरला. मी मात्र पुढच्या काही दिवसांत काम करताना दोनदा चुकले. शेवटी पुढच्या अमावस्येला जायचं ठरवलं, कारण त्या दिवशी मोंढा बंद असतो आणि आई घरी सापडते. ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं होतं. तो कागद पर्समध्येच राहिला.

ती दारात बसून कुल्फीच्या साच्यांत काड्या खोचत होती. दुधाचं पातेलं शेजारी.

“या मॅडम. काहून आल्या? आज ऑफिस न्हाई का?”

“रजा टाकली. तुमच्याशी बोलायचं होतं.”

ती हसली. “तुमच्याशी? आज मला अहो-जाहो करून राहिल्या. काईतरी मोठं बिघडलं दिसतंय.”

मी खाली बसले. सांगितलं. मंगळवारपासून शनिवारपर्यंत, जसं झालं तसं. मी विसरले नव्हते, हे वाक्य दोनदा म्हणाले. तिचे हात थांबले नाहीत. एकेक काडी मधोमध लावायची, सरळ आहे का बघायचं, पुढची घ्यायची.

“व्हय,” ती म्हणाली. “ठावं हाय.”

“कधीपासून?”

तिने आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून फाइल आणली. माझीच. वरच्या पानावर माझ्या अक्षरात एक ते नऊ. नववा कागद, ‘जागावाटप पत्र’. तिने तो उलगडून माझ्यापुढे धरला आणि पिवळं बोट खालच्या कोपऱ्यावर ठेवलं. प्रिंट काढल्याची तारीख आणि वेळ मशीनने तिथे छापली होती. मंगळवार, दुपार.

मी कधी कागद टाकून देत नाही. तो टाकला असता तरी चाललं असतं, पण हे माझ्या मनातही आलं नाही. उलट मी त्याला नंबर देऊन यादीत बसवलं होतं.

“फाइल घरी आली त्याच दिवशी पोरीनं वाचून दाखवलं मला,” ती म्हणाली. “लय रडली. म्हनली, चल त्यांच्या घरी. मी म्हनलं, न्हाई जायचं.”

“का नाही? मला तोंडावर चार शब्द सुनावायला हवे होते.”

“आन मग? धाकटी सातवीत व्हती. तिचे फारम कोन भरून देनार व्हतं?”

मी म्हटलं, “मग तुम्ही हळद कशी देत राहिलात? तीन वर्षं?”

“ती तर पहिल्यापासून देते. तुमी पैसे घेत न्हवत्या. कुनाचं फुकट कसं ठेवावं?” मग म्हणाली, “तुमी वाईट न्हाई मॅडम. मला तकलीफ होईल म्हनून केलं, ते बी मला ठावं हाय. पर हप्ता मला फेडायचा व्हता. माजा हप्ता तुमी काहून मोजून राहिल्या व्हत्या?”

मी फाइल मिटून तिच्याकडे सरकवली.

“आन ह्यो फ्रिज,” तिने खांद्यावरून अंगठा मागे केला, “ह्याला बी तुमी नावं ठेवली. गल्ली हाय ही, समदं कानावर येतंय. साळा सुटली की पोरं कुल्फीला रांग लावतेत इथं. एका उन्हाळ्यात हप्त्यातून मोकळा झाला ह्यो. इचारलं असतं तर सांगितलं असतं की.”

खरं आहे. मी उत्पन्नाचा दाखला मागितला होता, झेरॉक्स मागितली होती. फ्रिज कशाला घेतला, हे मी गल्लीतल्या चार जणींना विचारलं होतं.

तेवढ्यात मुलगी दवाखान्यातून जेवायला आली. मला पाहून दारातच थबकली. “नमस्कार मॅडम. सर बरे आहेत ना?”

“मॅडम सांगायला आल्या,” आई म्हणाली. “त्या टायमाचं.”

मुलीने चप्पल काढली, हात धुतले, ताटात भाकरी घेतली. मी म्हटलं, “अजून वय आहे. परत परीक्षा देता येईल. मी चौकशी करते, कागद मी—”

“नको मॅडम.” ती शांतपणे म्हणाली. “करायचं असेल तर मी करीन. आता ह्या घरात माझा पगार लागतो, धाकटीचं आधी.” एक घास खाल्ला. “मी दुसऱ्या वर्षाला पैसे संपून परत आले असते, हे मला पण कळत होतं. पण परत आले असते तरी माझी मी आले असते.”

मग तिला काहीतरी आठवलं. ताट बाजूला सारून तिने आपला फोन काढला. “बरं झालं तुम्ही आलात. धाकटीच्या शिष्यवृत्तीला अजून तुमचाच नंबर आहे. बदलायचाय. ओटीपी तुमच्याकडे येईल. फोन आणलाय ना?”

आणला होता. तिने तिच्या फोनवर काहीबाही दाबलं. माझ्या पर्समध्ये आवाज झाला. मी चष्मा लावला, सहा आकडे वाचून दाखवले. माझा वेग नेहमीचाच असेल, पण ती म्हणाली, “हळू, परत एकदा.” मी परत वाचले. तिने एकेक टाकला. आई साचे फ्रिजमध्ये ठेवायला उठली होती, ती फ्रिजचं दार उघडं धरून आमच्याकडे बघत उभी राहिली.

“झालं,” मुलगी म्हणाली आणि ताट पुन्हा ओढून घेतलं.

मी निघाले तेव्हा आईने “चा घ्या” म्हटलं नाही. मीही थांबले नाही.

त्यानंतर मी रजिस्टरमधून तीसेक घरांची यादी काढली आणि एकेका घरी जाऊन फॉर्मवरचे नंबर बदलून देते आहे. सगळ्यांचे झाले नाहीत. काही जणी म्हणतात, “राहू द्या की तुमचाच मॅडम, तुमी काय आमचं वाईट करनार हाय का?” नंबर मात्र बदलते. सल्ल्याचा रकाना नव्या रजिस्टरमध्ये आखला नाही. जुन्यातला खोडून टाकावा असं वाटलं होतं, पण तो वाचण्यासारखा आहे, मला स्वतःला.

वारंगा फाट्यावरच्या त्या मुलाची गाडी अजून तिथेच आहे. मागे बस थांबली तेव्हा मी उतरून भुर्जी घेतली. त्याने मला ओळखलं नाही, गिऱ्हाईक बरंच होतं.

धाकटी यंदा दहावी झाली. तिचा अकरावीचा फॉर्म मोठ्या बहिणीने भरला. आमच्या कॉलेजात तो खिडकीवर माझ्याकडे आला तेव्हा मी तपासला. एकही चूक नव्हती, आणि कागदावर पिवळा डागही नव्हता.

या उन्हाळ्यात हळदीचा डबा आला नाही. मी मेअखेरपर्यंत वाट पाहिली, मग मोंढ्याजवळच्या दुकानातून दळलेली अर्धा किलो घेतली. किराण्याच्या वहीत ‘हळद’ हा शब्द मी पहिल्यांदाच लिहिला.